साबणाच्या डब्यातला पाव्हणा

मोरूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी ह्यांना भात भरवत होते. रोवण्याचे दिवस, गल्लीत माणूस दिसत नव्हतं, अख्खी दिघोरी धानाच्या बांध्यांत उतरलेली. फोन मोरूभाऊच्याच नंबरावरून होता, म्हणून मी उचलल्या उचलल्या म्हटलं, "काहून रे, बस चुकली का?" पलीकडून भलताच आवाज. लाखांदूरच्या बसस्टँडजवळ चहाचं दुकान चालवणारा कोणी होता. मला मावशी म्हणाला. हा फोन ज्यांचा आहे ते बाकावर बसल्या बसल्याच, म्हणाला... आणि थांबला. हातात घास तसाच. समोर ह्यांनी तोंड उघडलेलं, घासाची वाट पाहत. मी आधी तो घास भरवला. का भरवला ते आजही सांगता येत नाही. उघडं तोंड पुढ्यात असलं की हात आपला आपण जातो. मग पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मोरूभाऊ म्हणजे मोरेश्वर, माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो शाळेत जात होता. म्हणजे जायला निघत होता, पोचत होता की नाही ते देव जाणे. माझ्या वरातीत तो नवरदेवाजवळ नव्हताच, लाऊडस्पीकरवाल्याच्या बैलबंडीवर भोंग्याला मिठी मारून बसला होता, असं सासूबाई मरेपर्यंत सांगायच्या. तिथूनच त्याला ते वेड लागलं. पुढं त्यानं स्वतःचा माइकचा धंदा काढला. लग्न असो, बारसं असो, भागवत असो, मोरूभाऊचे भोंगे आधी झाडावर चढायचे आणि मग मांडव उभा राहायचा. आणि आमचे हे पेटी वाजवायचे. तालुक्यात त्यांना नावानं कोणी ओळखत नसे, पेटीमास्तर म्हणत. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगावी मंडई भरते, नाटकं होतात, माणसं चादरी घेऊन जाऊन बसतात. तेव्हा हे दोघे भाऊ महिना महिना घरी दिसायचे नाहीत. एक पेटीवर, दुसरा माइकवर. घरी आले की दोघांचेही आवाज बसलेले. मी म्हणायची, एक बोलत नाही आणि दुसऱ्याचं ऐकू येत नाही, अशा घरात दिली मला बापानं.

मोरूभाऊला एक खोड होती. नाटक सुरू व्हायच्या आधी माइक तपासायचा तेव्हाच तो टेपरेकॉर्डरचं बटन दाबून ठेवायचा. त्यामुळं त्याच्याजवळच्या एकूण एक कॅसेटची सुरुवात नांदीनं होत नाही, मोरूभाऊनं होते. "हॅलो... हॅलो... चेक... दादा, सूर दे." मग ह्यांची पेटी एक सूर धरून ठेवते, मोरूभाऊ भोंग्याचा आवाज कमी-जास्त करतो, आणि मग कुठं नाटक लागतं. "सूर दे" हे त्याचं बोलणंच होऊन गेलं होतं. जेवायला बसला की भावाला म्हणायचा, दादा, सूर दे, म्हणजे मीठ इकडं कर.

त्याची बायको लग्नानंतर लवकरच आजारात गेली. लेकरू नव्हतं. दुसरं लग्न कर म्हणून आम्ही सगळे मागे लागलो, पण तो ऐकला नाही. म्हणाला, "वयनी, तुया हातच्या भाकरीले मी नाव ठेवतो, तू मले शिव्या देतं, आता आणखी एक बाई कायले त्याच्यात?" असा तो आमच्यातच राहिला. पुढं डीजे आले, भोंगे कोणी विचारीना. त्यानं ते परसात उलटे ठेवले, त्यात कोंबड्या अंडी घालायच्या. तो हसायचा. पण कॅसेटी मात्र लोखंडी पेटीत, कपड्यात गुंडाळून.

मग ह्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी खूप केलं, चांगला माणूस होता. शेवटी तो म्हणाला, घरी न्या, सेवा करा, यांना किती समजतं ते मलाही सांगता यायचं नाही. ते वाक्य आमच्या घरात येऊन बसलं बघा. भेटायला येणारे लोक ह्यांच्या समोर ह्यांच्याबद्दलच बोलायचे, जसे खांबासमोर बोलतात. "पेटीमास्तरचं आता काही खरं नाही," असं त्यांच्या खुर्चीचा हात धरून म्हणायचे. मोरूभाऊचा तिळपापड व्हायचा. "हळू बोला ना बाप्पा. दादाले सगळं समजते." मला तो रोज हे ऐकवायचा आणि मी हो म्हणायची. पण खरं सांगते, माझ्या मनात धाकधूक असायचीच. पन्नास वर्षं ज्या माणसाशी भांडले, तो आतमध्ये आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं. दाराशी उभं राहून हाक मारायची, आणि आतून ओ नाही... घरात कोणी आहे का नाही, कसं समजावं?

म्हणून दादाला जुनी नाटकं ऐकवायला मोरूभाऊनं तो खटाटोप केला. कॅसेटी काढल्या तर निम्म्यांना बुरशी, आणि टेप लावला की तो फीत गिळायचा. मग मोबाईलवर हिंदीत शिकवणारी पोट्टी असतात ना, त्यांचे व्हिडिओ हा दुपारभर पाहत बसे. एक दिवस नागपूरच्या आमच्या लेकीला फोन करून म्हणाला, मले एक कॉम्प्युटर पाठव, पण लहान पाहिजेन. तिनं पाठवलं ते पाहून मी म्हटलं, पोरीनं थट्टा केली की तिचीच फसवणूक झाली? पत्त्यांच्या कॅटाएवढी एक हिरवी पट्टी, तिच्यावर मुंग्यांच्या रांगा चिकटवल्यासारखी नक्षी. ना पडदा, ना बटनं, ना आवाज. तो म्हणाला, "पडदा हाय ना, आपला टीवी. रिमोटही टीवीचाच. याले काहीच नाही लागत." मग घरभर फिरून त्याला बसवायला डबा शोधू लागला. पत्र्याचा नको म्हणे, लाकडाचा नको. शेवटी न्हाणीघरात गेला आणि माझा गुलाबी साबणाचा डबा धुऊन घेऊन आला. तो असतो ना प्लास्टिकचा, झाकणाचा, गावाला जाताना नेतो तो. बरोबर मापात बसलं. वर आनंद असा, की साबणाचं पाणी निथळायला तळाला भोकं असतात, त्यातून हवा लागणार! मी म्हटलं, आणि मी साबण कुठं ठेवू? म्हणाला, "वयनी, तू तशीच गोरी हायेस."

मोबाईलच्या चार्जरवर चालायचं ते. झिरोच्या बल्बाएवढंही लाइट खात नाही, हे तो येईल त्याला सांगायचा. आणि हे असं कमी खाणारं, एका कोपऱ्यात गप बसणारं, दुपार झाली की गोष्टी सांगणारं, म्हणून त्यानं त्याचं नाव ठेवलं पाव्हणा. "असा पाव्हणा सगळ्यांच्या घरी येवो," म्हणायचा. त्यानं कॅसेटी पुसून पुसून, ज्या जगल्या त्या, एकेक करून त्याच्यात उतरवल्या. टीव्हीच्या मागे साबणाचा डबा, त्याच्या भोकांतून हिरवा ठिपका लुकलुकताना दिसायचा.

आता आमच्या घरची एक रीत सांगते. आभाळ गरजलं की मी धावत जाऊन सगळ्या पिना बोर्डातून उपटते. फ्रीज, पंखा, टीव्ही, काही सोडत नाही. माझी आई चिमण्या विझवायची, मी पिना उपटते. तर पाव्हण्याचीही पिन उपटली जायची, आणि दुसऱ्या दिवशी तो उठायचा नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बस. त्याच्या पोटात नखाएवढं कार्ड असतं, त्यात त्याची अक्कल. गाणी, नाटकं वेगळ्या डबीत. तर असं मधेच तोडलं की त्या कार्डातली अक्कल जाते. मोरूभाऊ चिडला नाही. मला समोर बसवून म्हणाला, "वयनी, आपल्या दारातून पाव्हणा निघाला तं आपण काय बखोट धरून हाकलतो का? त्याले येतो तं म्हणू देशीन." आणि काय काय खटपट करून त्यानं पडद्यावर जिथं 'बंद करा' असं यायचं, तिथं 'येतो' असं लिहून टाकलं. नाटक संपलं की रिमोटनं खाली खाली जायचं, 'येतो' वर थांबायचं, दाबायचं. पडदा काळा होतो, हिरवा ठिपका थोडा फडफडतो आणि निवतो. मग पिन काढा खुशाल. आमच्यात जातो कोणी म्हणत नाही ना, येतोच म्हणायचं असतं. ते मला एकदाच समजलं आणि पुन्हा चूक झाली नाही.

तरी त्यानं आमच्यावर पूर्ण भरोसा ठेवला नव्हता. साबणाच्या डब्याच्या झाकणाला आतून एक दुसरं कार्ड चिकटपट्टीनं लावून ठेवलं होतं, जसंच्या तसं. ते बदलायचं कसं, हे त्यानं मला शिकवलं. चष्मा लावून, नखानं जुनं दाबायचं, ते टुणकन बाहेर येतं, नवीन सरकवायचं. मी कुरकुरले, मले कायले शिकवतं, तू आहेस ना. तर म्हणाला, "मी एखाद्या दिवशी लाखांदुरात असलो तं? दादाचा खेळ थांबन का?"

दादाचा खेळ. ह्यांचं जेवण झालं, थोडा डुलका झाला, की मोरूभाऊ खुर्ची टीव्हीसमोर आणायचा आणि स्वतः त्यांच्या उजव्या हाताला प्लास्टिकचा स्टूल टाकून बसायचा, म्हणजे तो हात खाली लोंबला तर उचलून मांडीवर ठेवता यावा. कॅसेटीत चित्र कुठलं? पण त्यानं पडद्यावर जुने फोटो लावले होते, ते बदलत राहायचे. आणि आवाज सुरू व्हायचा, "हॅलो... हॅलो... चेक... दादा, सूर दे." टीव्हीतला तरुण मोरूभाऊ म्हणायचा आणि स्टुलावरचा म्हातारा मोरूभाऊही त्याच्यासोबत म्हणायचा. आणि ह्यांची डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर दबायची. मोरूभाऊ माझ्याकडं पाहायचा. म्हणजे, बघ, समजते. मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, असेल, किंवा हाताची जुनी सवयही असेल. मी हे मोरूभाऊला कधी सांगितलं नाही.

बाहेर जाताना तो ह्यांच्यासमोर उभा राहायचा, "दादा, येतो," म्हणायचा आणि ह्यांची बोटं हलेपर्यंत चप्पल घालायचा नाही. बस गेली तरी चालेल. पण त्या दिवशी तसं झालं नाही. शेवटची एक कॅसेट सकाळपासून पाव्हण्यात उतरत होती आणि कुठलीशी वायर खराब निघाली, ती आणायला लाखांदूरला जायचं होतं. हे झोपलेले. बसचा हॉर्न ऐकू आला तसा तो परसदारानं निघाला, म्हणजे फाट्यावर लवकर पोचता येतं. मला म्हणाला, "दादाले उठवू नोको. अन् पाव्हण्याले हात लावू नोको, मी आल्यावर पाहतो." इतकंच. त्याला छातीत काही होत असेल तर तो बोलला नाही. रंगानं थोडा उतरलेला वाटला, पण पावसाळ्यात सगळेच उतरलेले असतात.

त्याला घरी आणलं तेव्हा बांध्यांतून बाया तशाच आल्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातात रोवण्याच्या पेंढ्या तशाच धरलेल्या. अंगणात चिखलाची पावलंच पावलं. ह्यांना दाखवावं की नाही यावर पुरुषमंडळींत बोलणं झालं. मी म्हटलं, सख्खा भाऊ आहे, दाखवायचं. खुर्चीसकट उचलून आणलं. ह्यांनी पाहिलं. पाहत राहिले. डोळ्यांत पाणी नाही, तोंडावर काही नाही. मग नजर वर केली आणि समोरच्या उघड्या दाराकडं पाहत बसले. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, बरं झालं, त्याले समजून नाही राहिलं. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त ते लागलं. मोरूभाऊ असता तर भांडला असता. आता भांडायचं माझ्याकडं आलं होतं, आणि माझ्याजवळ पुरावा नव्हता.

पाव्हणा चालूच होता त्या गडबडीत. पडद्यावर निळा उजेड. माझी नणंद, सुमनबाई, गावाहून आली, भावाचं तोंड पाहून जमिनीवर बसली, आणि मग तिची नजर टीव्हीवर गेली. "वयनी, घरात माणूस असा निजून हाय अन् हे टीवी कायले चालू आहे वो?" असं म्हणून उठली आणि टीव्हीसोबत पाव्हण्याचीही पिन उपटली. तिचं काय चुकलं? मेल्या घरी टीव्ही चालू ठेवत नाहीत. पण वेडीच मी, समोर मोरूभाऊ निजलेला आणि मला वाटलं, येतो म्हणू दिलं नाही... हे कुणाबद्दल वाटलं, पाव्हण्याबद्दल की त्याच्याबद्दल, ते मी त्या दिवशी वेगळं करू शकले नाही.

तेरवी झाली. माणसं आपापल्या गावी गेली. घर कसं होतं ते काय सांगू. दोन माणसं, त्यातलं एक बोलत नाही. दुपार झाली की मी सवयीनं ह्यांची खुर्ची टीव्हीसमोर आणायची आणि मग आठवायचं. टीव्हीच्या मागं अंधार. मोरूभाऊसाठी रडायचं तरी एकटीनं. दुःखालाही दुसरं माणूस लागतं हो. मला ह्यांच्या गळ्यात पडून म्हणायचं होतं, आपला मोरू गेला. पण त्यांना ते माहीत आहे का, हेच मला ठाऊक नव्हतं. माहीत नसेल तर मी पुन्हा सांगून काय करणार होते?

लेक म्हणाली, आई, दिवाळीला येते आणि दुरुस्त करून देते. पण धान निसवायला, म्हणजे लोंब्या टाकायला लागलं तेव्हा, एका दुपारी मी चष्मा लावला आणि साबणाचा डबा मांडीवर घेतला. झाकण काढलं. चिकटपट्टीखाली कार्ड होतं. जुनं नखानं दाबलं तर निघेना, "वयनी, हळू, ते काय तांदळातला खडा हाय का," हे त्याचं बोलणं कानात वाजलं. निघालं. नवीन सरकवलं. पिन लावली. कितीतरी वेळ काही नाही... मग भोकांतून हिरवा ठिपका लुकलुकला. मी ह्यांना म्हटलं, "पाव्हणा उठला वो." ते टीव्हीकडं पाहत होते.

मी यादीतलं पहिलंच जे आलं ते लावलं. खरखर. मग एखाद्या गावच्या मांडवातला गलका, कोणाचं तरी लेकरू रडतं, आणि त्याचा आवाज. "हॅलो... हॅलो... चेक... दादा, सूर दे."

पेटीचा सूर लागला. मी खुर्चीच्या दांड्याकडं पाहिलं. बोटं हलली नाहीत. इतकी वर्षं सवय म्हणा, समज म्हणा, जे हलत होतं ते हललं नाही. हात मुठीसारखा मिटून दांड्यावर पडलेला. आणि ह्यांनी मान वळवली. उजवीकडं. ती बाजू ह्यांना जड जाते, भरवतानासुद्धा मला डावीकडं बसावं लागतं. तिकडं ह्यांनी कण्हत कण्हत मान नेली आणि रिकाम्या स्टुलाकडं पाहिलं. बराच वेळ. मग माझ्याकडं. मोरूभाऊ माझ्याकडं पाहायचा तसंच.

मी स्टुलावर जाऊन बसले, त्यांचा लोंबता हात उचलून मांडीवर घेतला आणि आम्ही दोघं रडलो. नाटक चालू होतं. कोण बोलत होतं, काय बोलत होतं, कोणाला ठाऊक.

नाटक संपलं तसा मी रिमोट घेतला. खाली, खाली, शेवटच्या ओळीवर आले. पडद्यावर 'येतो'. मी दाबणार तेवढ्यात ह्यांचा डावा हात माझ्या मनगटावर आला. धरलं. त्या हातात अजून पेटीवाल्याचा जोर आहे, हे मी विसरले होते. मी म्हटलं, "काहून?" ते पडद्याकडं पाहत होते, त्या अक्षरांकडं. मनगट सोडेनात. परसदारानं गेलेल्या माणसाचा 'येतो' ह्यांना मिळाला नव्हता, आणि आता तो त्या डब्याच्या तोंडून घ्यायचा नव्हता... असं मला वाटलं. खरं काय ते तेच जाणोत.

"राहू दे मग," मी म्हटलं. "खाते तरी किती."

त्या दिवसापासून पाव्हणा गेला नाही. टीव्ही बंद करते, पण तो चालू असतो. झाडताना मी टीव्हीच्या मागं वाकते तेव्हा गुलाबी डब्याच्या भोकांतून हिरवा ठिपका दिसतो, आणि हात लावला तर डबा कोमट लागतो. काल दुपारी आभाळ गरजलं. मी धावत गेले आणि फ्रीजची, पंख्याची, टीव्हीची, सगळ्या पिना उपटल्या. ह्यांनी खुर्चीतून मान वळवून माझ्याकडं पाहिलं. ती एक पिन मी तशीच राहू दिली.